एअर सस्पेन्शनसाठी बाहेरचा हाइट कंट्रोलर: कोणता घ्यावा?

वाटचुकार

मंडळी, सल्ला हवाय. गाडी लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३, चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन, ईसीयू (सस्पेन्शन चालवणारा संगणक) मूळचाच. ऑफ-रोड उंचीवर घेतली की मस्त चालते, पण वेग ५० किमीच्या वर गेला की ती आपणहून नॉर्मलला खाली बसते. कंपनीने तसंच बनवलंय, तक्रार नाही. पण मी ज्या कच्च्या रस्त्यांवर जातो तिथे ट्रकच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये उंचवटा. वेग ५५-६० चा, गाडी खाली बसते आणि पोट घासायला लागतं. पुन्हा हळू करा, पुन्हा उचला, पुन्हा ५० ओलांडला की तेच.

बाहेरचा कंट्रोलर लावून नॉर्मल उंचीच दोनेक इंच वर नेता येते असं वाचलं. पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय. कोणी नुसत्या सेन्सरच्या दांड्या बदलायला सांगतं, कोणी सेन्सरच्या वायरीत बसणारा डबा घ्या म्हणतं, कोणी लॅपटॉप जोडून आकडे बदलतं, आणि एकाने तर सगळं मूळचं काढून नवीन कंट्रोलर बसवलाय. खर्चाचं नंतर बघू. कोणत्या प्रकारात काय पत्करावं लागतं ते आधी सांगा.

घाईगडबड

दांड्या टाका आणि मोकळे व्हा. चार बोल्ट, एक दुपार. मी तीन वर्षं वापरतोय.

पाना१०

दांड्यांवर नंतर येतो. आधी मुळातलं, म्हणजे निवड करताना फसणार नाही.

तुमच्या गाडीत प्रत्येक चाकापाशी उंचीचा एक सेन्सर आहे. त्याचा छोटा हात एका दांडीने खालच्या आर्मला जोडलेला. चाक वर-खाली झालं की हात फिरतो आणि सेन्सर ईसीयूला तेवढं व्होल्टेज पाठवतो. ईसीयू टेप घेऊन उंची मोजत नाही, त्याला फक्त हे चार आकडे दिसतात. त्याच्या डोक्यात ‘नॉर्मल म्हणजे अमुक आकडा’ असं बसलंय आणि तो आकडा जुळेपर्यंत तो हवा भरतो किंवा सोडतो. तुम्ही म्हणताय त्यातले पहिले तीन उपाय म्हणजे या आकड्याबाबत ईसीयूला गंडवण्याच्या तीन तऱ्हा.

दांडीची लांबी बदलली की खऱ्या उंचीत आणि सेन्सरच्या कोनात कायमचा फरक पडतो. ईसीयूला वाटतं गाडी खाली आहे, तो वर उचलतो. यात वायर नाही, सर्किट नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. पण ‘कायमचा’ हा शब्द नीट वाचा. माणसांना चढता-उतरता यावं म्हणून गाडी खाली बसवली तरी ती तेवढ्याच फरकाने वर राहणार, हायवेला १०० च्या वेगातही वर राहणार.

सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसणारा डबा हेच काम विजेवर करतो. सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजमध्ये थोडं मिळवतो किंवा वजा करतो आणि पुढे पाठवतो. डॅशवर एक फिरवायचं बटण. बटण शून्यावर ठेवलं की गाडी कंपनीची होती तशी. तुमच्या गाडीसाठी ऑस्ट्रेलियात बनणारा लॅम्स हा या जातीतला सगळ्यात माहितीतला.

तिसरा प्रकार म्हणजे ईसीयूच्या डोक्यातला आकडाच बदलणं. गॅप डायग्नॉस्टिकचं आयआयडी टूल ते करतं, शिवाय फॉल्टही वाचतं आणि पुसतं. एअर सस्पेन्शनच्या गाडीत असं काहीतरी सोबत असलेलं बरंच, कंट्रोलर कुठलाही घ्या. पण रस्ता बदलला की उंची बदलायची, असं दिवसात दहादा करायचं असेल तर बटणासारखी सोय नाही.

चौथा प्रकार, सगळं काढून नवीन. त्यावर वायरबहाद्दर लिहीलच, तो इथे आल्याशिवाय राहत नाही.

वायरबहाद्दर

आलोच! मूळ ईसीयू शाबूत असेल तर मी पण काढायला सांगणार नाही. पण ज्यांचा ईसीयू किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक (प्रत्येक स्प्रिंगला हवा वाटणारा व्हॉल्व्हचा संच) मेलाय, किंवा ज्यांनी साध्या स्प्रिंगच्या गाडीला नव्याने एअर स्प्रिंग लावलेत, त्यांना पूर्ण कंट्रोलरच घ्यावा लागतो. आणि तिथे एकच प्रश्न विचारायचा: हा डबा उंची मोजतो का दाब?

बहुतेक लोक इथेच फसतात. दाब स्थिर म्हणजे उंची स्थिर, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं हो. एका कोपऱ्यावर ६०० किलो वजन आहे आणि एअर स्प्रिंगचं कामाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे असं धरा. दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो, म्हणजे ढोबळमानाने ६ बार. आता हवा भरून गाडी ४० मिमी वर उचला. वजन तेच, क्षेत्रफळ जवळपास तेच, त्यामुळे दाबही जवळपास तोच! काटा हलतच नाही, गाडी मात्र वर गेलेली असते. एअर स्प्रिंगच्या मधल्या टप्प्यात दाब तुम्हाला वजन सांगतो. उंची सांगत नाही.

आता मागे १०० किलो सामान टाका, दोन कोपऱ्यांवर ५०-५० वाटून. दाब साडेसहाला गेला. दाबावर चालणाऱ्या डब्याला सांगून ठेवलंय ‘६ ठेव’. तो आपला आज्ञाधारकपणे हवा सोडतो. गाडी सामानाने आधीच बसलेली, त्यात यानेही खाली बसवली. उंचीवर चालणारा डबा अशा वेळी उलट हवा भरतो.

थंडीतही तेच. दुपारी ३५ अंशांत उभी केली आणि पहाटे १० अंश झाले, तर आतल्या हवेचं आकारमान ८ टक्के घटतं. स्प्रिंगमधला हवेचा स्तंभ २०० मिमी असेल तर गाडी १६ मिमी खाली. वजन तेच असल्याने दाबाच्या काट्यावर काही दिसणार नाही. लोक येऊन विचारतात, ‘गळती नाही, दाब बरोबर आहे, तरी सकाळी गाडी बसलेली का?’ म्हणून!

बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. एअर लिफ्ट कंपनीचा ३पी दाबावर चालतो, ३एच दाब आणि उंची दोन्ही बघतो. ॲक्युएअर कंपनीचा ई-लेव्हल उंचीच्या सेन्सरवर. पाच माणसं, टाकीभर डिझेल, छपरावर तंबू असं सतत बदलणारं वजन घेऊन फिरणाऱ्या गाडीला नुसता दाबाचा कंट्रोलर मी तरी लावणार नाही.

संथगाडी

वायरबहाद्दर, दोन्ही का बघावं लागतं तेही सांगा ना. नुसती उंची का पुरत नाही?

वायरबहाद्दर

चार पायांच्या टेबलामुळे. तीन पाय टेकले की टेबलाची पातळी ठरली, चौथा पाय एक तर अधांतरी नाहीतर भांडणारा. चारही कोपऱ्यांना स्वतंत्रपणे ‘इतक्या उंचीवर ये’ म्हटलं की एका कर्णावरचे दोन स्प्रिंग जास्त भार घेतात आणि दुसऱ्या कर्णावरचे नुसते हजेरी लावतात. उंची चारही बाजूंनी बरोबर, पण गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. दाब वाचता आला की हे लगेच पकडता येतं.

पाना१०

बरोबर. पण वाटचुकार, तुमच्या गाडीला चौथा प्रकार नकोच. तिच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये डावा-उजवा स्प्रिंग जोडणारे क्रॉस-लिंक व्हॉल्व्ह आहेत. खडबडीत जागी ते उघडतात, एका बाजूचं चाक वर ढकललं गेलं की दुसऱ्या बाजूचं खाली ढकललं जातं, म्हणजे अखंड ॲक्सलसारखी चाल मिळते. टेरेन रिस्पॉन्सचं, म्हणजे रस्त्याचा प्रकार निवडायचं बटण फिरवल्यावर उंची बदलते तीही याच ईसीयूकडून. गाडीचं पोट जमिनीवर टेकलं तर तो स्वतःहून आणखी उचलतो. मूळचा ईसीयू काढला की हे सगळं गेलं, वर डॅशबोर्डवर दिवा कायमचा. इतकं घालवून मिळवायचं काय?

घाईगडबड

म्हणून तर म्हणतोय, दांड्या.

संथगाडी

दांड्यांचं माझं ऐका आता. आधीच्या गाडीला होत्या, चारही स्वतंत्र सस्पेन्शनचीच गाडी होती. बसवताना मीही असाच खूश होतो. आठ-नऊ हजार किलोमीटरनंतर टायर बदलायला गेलो तर बाहेरून नक्षी छान आणि आतल्या कडेला तारा दिसायला आलेल्या. हात फिरवला तर बोटाला टोचल्या. गाडी सरळ जात होती, स्टिअरिंग हलत नव्हतं, म्हणून कधी वाकून बघितलंच नाही.

कारण साधं आहे. विशबोनच्या, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर असलेल्या गाडीत उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात. कंपनीने ऑफ-रोड उंची ५० च्या आत ठेवली ती काही उगाच नाही. तिथे सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यांचे) कोन तिरके, गुरुत्वमध्य वर, आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी. खड्डा आला की चाक लटकतं आणि ‘ठक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. तुमचा ९० टक्के प्रवास डांबरी रस्त्यावर होणार असेल तर कायमची उंची नको. बटणवाला घ्या, डांबरावर आलात की शून्य.

घाईगडबड

माझे टायर उद्याच बघतो.

संथगाडी

आतल्या बाजूने बघा.

पिकअपवाला

धागा थोडा वळवतो, माफी असावी. माझी पिकअप, मागे पाट्यांचे स्प्रिंग, त्यावर मदतीला दोन हवेच्या पिशव्या टाकल्यात. मलाही उंचीवाला कंट्रोलर हवा का?

वायरबहाद्दर

नको. तुमच्या गाडीत उंची मुख्यतः पाटे धरून ठेवतात, पिशवी फक्त जास्तीचं ओझं उचलते. तिथे दाबावरचा कंट्रोलर चालतो, किंवा टायरसारखा साधा व्हॉल्व्ह आणि हातातला गेज. दोन गोष्टी मात्र पाळा. डाव्या-उजव्या पिशवीचे पाइप वेगळे ठेवा. एकच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडले तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत पळते आणि गाडी आणखी कलते. दुसरं, रिकामी असतानाही पिशवी पूर्ण मोकळी करू नका, पाचेक पीएसआय राहू दे, नाहीतर रबर दुमडून चिमटतं. आणि पिशवी फुगवल्याने गाडीची वजन न्यायची क्षमता वाढत नाही. ती प्लेटवर लिहिलीय तेवढीच.

नवखा४x४

लँड क्रूझर १०० च्या उंची बदलणाऱ्या सस्पेन्शनला हे डबे चालतील का?

पाना१०

नाही. ते हवेचं नाही, तेल आणि नायट्रोजनच्या गोळ्यांचं आहे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

वाटचुकार, काही विकत घेण्याआधी एक करा. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, रात्री आणि सकाळी. कंट्रोलर गळती बरी करत नाही. उलट जास्त उंचीला जास्त हवा लागते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. गळकी गाडी वर उचलून ठेवली तर आधी कॉम्प्रेसर जातो, मग माणूस कंट्रोलरला शिव्या देतो.

वाटचुकार

मोजलं. मडगार्डवर कागदी टेप चिकटवून पेनने खूण केली, म्हणजे दर वेळी तीच जागा. रात्री दहा ते सकाळी सहा: पुढे डावं १४ मिमी खाली, उजवं १३, मागे दोन्ही १४. चारही सारखे. म्हणजे गळती नाही, थंडीचा परिणाम, असं समजू का?

पाना१०

समजू नका! चारही इतके सारखे आलेत म्हणूनच शंका येते. तुमची गाडी उभी असतानाही मधूनमधून जागी होते, सगळ्यात खाली गेलेला कोपरा बघते आणि बाकीचे तीन त्याच्या पातळीला आणते. गळणारा एकच असला तरी चौघेही खाली दिसतात. हँडबुकमध्ये बघून सस्पेन्शनचा फ्यूज काढा आणि पुन्हा रात्रभर ठेवा.

वाटचुकार

देवा! फ्यूज काढून ठेवली: पुढे डावं ३१ मिमी खाली. बाकीचे तीन २ ते ३.

स्ट्रटच्या (एअर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीच्या) वर पाइप जिथे आत जातो तिथे साबणाचं पाणी ब्रशने लावलं. आधी काहीच नाही. पाचेक मिनिटं टॉर्च धरून बसलो तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक, अगदी सावकाश. पाइप काढला तर टोक तिरकं आणि चपटं. आधीच्या मालकाच्या वेळी कोणा मेकॅनिकने ब्लेडऐवजी पकडीने कापलेला दिसतोय. धारदार कटरने सेंटिमीटरभर सरळ कापला, फिटिंग नवं टाकलं. काल रात्री पुन्हा फ्यूज काढून बघितलं, चारही ३ च्या आत.

आता डबा घेतोय, बटणवाला. दांड्या आणि पूर्ण कंट्रोलर दोन्ही बाद. बसवताना काय बघू?

पाना१०

झकास. पहिलं म्हणजे डबा केबिनमध्ये बसवा, गाडीच्या खाली किंवा बॉनेटमध्ये नको. या सिस्टिममध्ये बरेच फॉल्ट सेन्सरच्या प्लगमध्ये शिरलेल्या पाण्याचे असतात, त्यात आणखी चार जोड उघड्यावर नकोत. शक्यतो वायर कापू नका, मूळ प्लगमध्ये बसणारी हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) घ्या. म्हणजे रस्त्यात काही झालं तर डबा काढून मूळ प्लग पुन्हा जोडता येतो.

दुसरं, डबा बंद पडला तर काय होतं ते विकणाऱ्याला खरेदीआधी विचारा. चांगल्या डब्यात रिले असतात. वीज गेली की ते सेन्सरची वायर सरळ ईसीयूला जोडतात आणि गाडी मूळ उंचीला येते. ज्यात ते नाहीत त्यात डबा मेला की चारही सेन्सर एकदम मेले असं ईसीयूला वाटतं. मग गाडी काय करेल ते तिच्या मर्जीवर, आणि तुम्ही बहुतेक नदीच्या मध्यात असाल.

तिसरं, जास्त हाव नको. सेन्सरचं व्होल्टेज ठराविक मर्यादेबाहेर गेलं की ईसीयू ते खोटं मानतो आणि फॉल्ट लावतो. शिवाय बटणाने उंची वाढवून त्यावर ऑफ-रोड उंची निवडली तर दोन्ही मिळून स्प्रिंग जवळपास टोकाला जातो. तिथे खाली जायला चाकाला जागाच उरत नाही. दोन्ही एकदम फक्त अडकलात तर, आणि माणूस चालतो त्या वेगाने.

संथगाडी

आणखी एक, आणि हे गमतीचं नाही. या गाडीखाली नुसत्या हवेच्या भरवशावर कधीच शिरू नका. डब्याशी खेळताना तर मुळीच नाही. बटण फिरलं, सेन्सरची वायर सुटली, की ईसीयू ‘गाडी फार वर आहे’ असं समजून क्षणात हवा सोडू शकतो. चॅसीखाली स्टँड लावा, मगच हात घाला.

वायरबहाद्दर

आणि प्रत्येक स्प्रिंगच्या पाइपवर टी टाकून टायरचा व्हॉल्व्ह बसवून ठेवा. सगळं मेलं तरी टायरच्या पंपाने गाडी उचलून घरी येता येतं. मी दोनदा आलोय.

वाटचुकार

बसवून झालं, म्हणून परत आलो. रिले असलेलाच घेतला. पहिल्या दिवशी सपाट जागेवर बटण सगळ्यात वर ठेवलं, गाडी वर आल्यावर दारं लावून डब्याचा वीजपुरवठ्याचा प्लग उपटला. (बायको गॅलरीतून बघत होती, तिला वाटलं गाडी बिघडली.) दहा-बारा सेकंद काही नाही, मग फुस्स करून चारही बाजूंनी सारखी खाली आली, नॉर्मलला थांबली. दिवा लागला नाही.

काल त्याच चाकोऱ्यांवरून गेलो. ६० चा वेग, बटण एक टप्पा वर. पोट एकदाही घासलं नाही. वळणावर मात्र गाडी जास्त कलते हे जाणवतं, वेग आपोआप कमी होतो.

एक शंका राहिली. अलाइनमेंट कुठल्या उंचीला करून घेऊ?

संथगाडी

शून्यावर. ९० टक्के तिथेच चालवणार आहात. करताना डब्याचा प्लग काढून ठेवा म्हणजे बटणाला कोणाचा चुकून हात लागायची भीती नाही. आणि ते झाल्यावर बटण वर करून हेडलाइटचा झोत भिंतीवर मारून बघा. पुढे-मागे सारखीच उंची वाढली असेल तर कोन बदलणार नाही, पण दिवे जमिनीपासून वर गेलेले असतात, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

घाईगडबड

टायर बघितले. आतल्या बाजूने. दांड्या काढतोय. मूळच्या कुणाकडे पडून असतील तर सांगा, माझ्या मी फेकून दिल्या होत्या.